शाळेत एकच संगणक चालू आहे, संगणकीय विचार कसा शिकवू?

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते. जिल्हा परिषदेची शाळा, पाचवी ते सातवीचा पट ५२. दोन संगणक, त्यातला एक बंद आणि दुसरा लाइट असेल तेव्हा चालू. पालक विचारतात, शहरातल्या मुलांना कोडिंग शिकवतात, आमच्या पोरांना कधी? शिक्षण परिषदेत ‘संगणकीय विचार’ हा शब्द तुमच्या कानावर आला. तो शिकवायचा कसा, आणि त्यातून आपल्या मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या वाटेला जावंसं वाटेल का, हे तुम्हाला हवंय.

वाटेल. पण कोडिंगचा तास लावला म्हणून नाही वाटणार. मी अकरा वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकरीत काढली आणि त्यानंतरची चौदा वर्षं हेच शिकवतेय, बहुतेक जुन्नर-आंबेगाव भागातल्या मराठी शाळांत. त्यात जे जमलं आणि जे साफ फसलं ते सांगते. एकच संगणक चालू आहे याची काळजी सध्या सोडा. दोन्ही चालू असते तरी पहिले तीन महिने मी तुम्हाला ते लावू दिले नसते.

शब्दाचा अर्थ थोडक्यात सांगायचा तर, एखादं काम इतक्या स्पष्ट पायऱ्यांत मांडायचं की ते काम अजिबात न कळणाऱ्यालाही, मग तो माणूस असो वा यंत्र, नुसत्या पायऱ्या वाचून ते करता यावं. त्यासाठी मोठं काम तोडावं लागतं, सारखेपणा हेरावा लागतो, बिनकामाचा तपशील गाळावा लागतो आणि चुकलं की नेमकं कुठे चुकलं ते शोधावं लागतं. सेमूर पेपर्ट यांनी १९८० मध्येच हा शब्दप्रयोग केला होता. १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा ज्यांनी तयार केली त्यांतले ते एक. जगभर हा शब्द गाजला तो मात्र २००६ मध्ये, संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांच्या तीन पानी लेखामुळे. वाचन, लेखन, अंकगणित यांच्या पंक्तीला हे कौशल्यही प्रत्येक मुलाला यावं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गणिती आणि संगणकीय विचारावर पायाभूत स्तरापासून भर द्यायला सांगितलाय, तोही कोडी आणि खेळांतून. कोडिंगच्या कृती येतात त्या सहावी ते आठवीच्या टप्प्यावर. म्हणजे आधी खेळ, मग कोड, हा क्रम धोरणातलाच आहे. केंद्रप्रमुखांनी ‘हे काय चाललंय’ म्हणून विचारलं तर सांगायला बरं.

आता एक कडू गोष्ट. लोगो शाळांत आली तेव्हा अनेकांची खात्री होती की प्रोग्रॅम लिहायला लागली की मुलं सगळीकडेच नीट विचार करू लागतील. न्यूयॉर्कमधल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी ते १९८४ च्या सुमारास तपासून पाहिलं. वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांना वर्गातली साफसफाईची कामं कोणत्या क्रमाने करायची याचं नियोजन करायला दिलं. न शिकलेल्या मुलांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. पडद्यावरचा विचार आपल्या पायांनी चालत शेतात, स्वयंपाकघरात किंवा गणिताच्या वहीत जात नाही. त्याला हात धरून न्यावं लागतं, आणि तो हात शिक्षकाचाच असतो.

मला हे वाचून कळलं नव्हतं, आपटून कळलं. पहिल्या वर्षी मी फळ्यावर लिहिलं: ‘संगणकीय विचाराचे चार घटक’. विभाजन म्हणजे काम तोडणं, आकृतिबंध म्हणजे सारखेपणा हेरणं, अमूर्तीकरण म्हणजे बिनकामाचा तपशील गाळणं, अल्गोरिदम म्हणजे स्पष्ट पायऱ्या. मुलांनी आठवड्यात पाठ केलं. एका मुलाने ‘अमूर्तीकरण’ हा शब्द न अडखळता म्हटला म्हणून टाळ्याही झाल्या. पुढच्या महिन्यात त्यालाच वर्गाच्या सहलीसाठी कोणी काय आणायचं याची यादी करायला दिली. त्याने चाळीस नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे ‘डबा, पाणी, टोपी’ चाळीस वेळा लिहून काढलं. वहीत पाठ केलेलं अमूर्तीकरण त्याच्या कामाला आलं नाही. तेव्हापासून मी शब्द शेवटी देते. मुलांनी गोष्ट करून झाली, त्यांनी तिला आपलं काहीतरी नाव ठेवलं, की मग सांगते, याला मोठी माणसं अमुक म्हणतात.

सुरुवात ठिपक्यांच्या रांगोळीने करा. पाच बाय पाच ठिपक्यांचे कागद काढून ठेवा. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात काढलेली रांगोळी, दुसऱ्याच्या हातात नुसते ठिपके. पहिल्याने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. वळून पाहायचं नाही आणि पहिल्या फेरीत प्रश्नही विचारायचा नाही. ‘वरून खाली ये’, ‘थोडं तिकडे’, ‘अगं तिकडे नाही, तिकडे!’ असं सगळं होतं आणि जे कागदावर उमटतं त्यावर वर्ग पोट धरून हसतो. हसू द्या. दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारायला परवानगी. तिसऱ्या फेरीआधी प्रत्येक जोडीला पाच मिनिटं द्या आणि एवढंच सांगा, ‘तुमची दोघांची भाषा ठरवा.’

खरा तास इथून सुरू होतो. कोणी ओळींना आकडे देतं, कोणी उभ्या रांगांना क, ख, ग. एका जोडीने दिशा घेतल्या होत्या, उत्तरेला दोन, पूर्वेला एक. सहावीतल्या एका मुलीने मात्र मला गार केलं. तिने जोडीदाराला सांगितलं, ‘मी डावीकडचा वरचा कोपराच सांगणार. बाकीचे तीन तू आरशात बघितल्यासारखे काढ.’ साठेक सूचनांचं काम तिने पंधरा-सोळांत उरकलं. तिला सममिती हा शब्द माहीत नव्हता आणि मी तो त्या दिवशी सांगितलाही नाही. बाकीच्या जोड्या उठून तिच्या कागदाकडे बघायला आल्या, तो क्षण मला मोडायचा नव्हता. तुम्ही विचारता ना, मुलांना गोडी कशी लागेल? ‘ही युक्ती माझी’ असं एकदा वाटावं लागतं. त्यासाठी आपण पाच मिनिटं तोंड बंद ठेवायचं असतं, आणि शिक्षकाला यापेक्षा अवघड काही नाही.

ज्यांना वाटतं यात संगणक कुठे आला, त्यांना सांगा की पडद्यावरचं प्रत्येक चित्र असंच ओळ आणि रकाना यांच्या हिशेबात साठवलेलं असतं.

दुसरा खेळ तुमच्या टेबलावरच आहे. घटक चाचणीचे ४० पेपर हजेरी क्रमांकाने लावायचे. आपण सगळे शिक्षक हे काम कसं करतो? एक ते दहा एका गठ्ठ्यात, अकरा ते वीस दुसऱ्यात, आणि मग एकेक गठ्ठा लावतो. कोणी शिकवलं नव्हतं, हाताला सापडलं. मुलांना न सांगता दोन गट करा. एका गटाला म्हणा, प्रत्येक पेपर बाकी प्रत्येकाशी ताडून पाहा. दुसऱ्याला हवं तसं करू द्या. घड्याळ लावा. मग हिशेब फळ्यावर मांडा. ४० पेपर, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा तुलना, म्हणजे ४० गुणिले ३९ भागिले २, बरोबर ७८०. दहा-दहाचे चार गठ्ठे केले तर एका गठ्ठ्यात ४५ तुलना, चारांत १८०, आणि गठ्ठे पाडताना प्रत्येक पेपर एकदा बघावा लागला त्या ४० धरल्या तरी २२०. काम तेच, माणसं तीच, फक्त रीत बदलली. सातवीतल्या मुलांना लगेच विचारा, ४००० पेपर असतील तर? तेव्हा गठ्ठ्यांचे गठ्ठे करायची कल्पना त्यांच्याकडूनच येते. बोर्डाच्या निकालाची आठवण काढा, लाखो उत्तरपत्रिका कशा लागत असतील यावर बोला. गणिताचा तास बुडाला असं वाटून घेऊ नका. यापेक्षा जास्त गणित त्या तासाला झालं नसतं.

याचंच मैदानी रूपही आहे. खडूने चार उभ्या वाटा आखा. चार मुलं, प्रत्येकाच्या हातात एकेक संख्या. दोघं समोरासमोर आली की लहान संख्येने डावीकडची वाट घ्यायची, मोठीने उजवीकडची. आधी पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा एकाच वेळी भेटतात. मग पहिल्या आणि तिसऱ्या वाटेवरचे, त्याच वेळी दुसऱ्या आणि चौथ्या वाटेवरचे. शेवटी फक्त मधले दोघं. पाच भेटी, तीन फेऱ्या, आणि कशाही उभ्या राहिल्या तरी संख्या चढत्या क्रमानेच बाहेर पडतात. मुलांना पटत नाही. ‘उलट्या क्रमाने उभे राहिलो तर?’ राहा. ‘दोघांकडे सारखीच संख्या असली तर?’ तीही घ्या. चार संख्यांचे क्रम २४. एका वर्गाने मधल्या सुट्टीत सगळेच्या सगळे करून पाहिले. सहा मुलांसाठी आखणी करायची तर कमीत कमी बारा भेटी लागतात, ती आखणी सातवीला कोडं म्हणून द्या. न्यूझीलंडमधल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाविना संगणकशास्त्र शिकवायचे असे कितीतरी खेळ गोळा केलेत, त्यांतलाच हा एक प्रकार.

जाता जाता आरतीचं सांगते, कारण हे मला एका गुरुजींनी दाखवलं आणि मी खजील झाले. आरतीच्या पुस्तिकेत ‘जय देव जय देव’ हे पूर्ण ध्रुपद एकदाच छापलेलं असतं. पुढच्या कडव्यांनंतर नुसतं ‘जय देव’ आणि कडव्याचा आकडा. गाणाऱ्याला कळतं की इथे मागे जाऊन ते सगळं म्हणायचं आणि परत इथेच यायचं. प्रोग्रॅमर याला फंक्शन म्हणतात. कॉलेजात मला हे समजायला आठवडा लागला होता. गणपतीत जन्म गेलेल्या पोरांना एक मिनिट लागतं.

आता चूक शोधण्याकडे येते. माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे आणि आपल्या शाळांमधली सगळ्यात दुबळी बाजूही हीच. आपल्याकडे चूक म्हणजे लाल फुली. प्रोग्रॅमिंगमध्ये चूक म्हणजे दिवसाचं मुख्य काम. पहिल्याच फटक्यात बरोबर चाललेला प्रोग्रॅम मी अकरा वर्षांत क्वचितच पाहिला. ज्या मुलाला चुकल्यावर लाजच वाटत आली आहे ते या कामात टिकत नाही, मग ते कितीही हुशार असो.

म्हणून मी पाइपलाइनची गोष्ट घेते. विहिरीपासून शेतापर्यंत पाइपलाइन, समजा ६४ जोड, पाणी पुढे येत नाही, मध्ये कुठेतरी तुंबलीय. कुठे खोलाल? बरीच मुलं विहिरीपासून एकेक जोड तपासत निघतात. शेतकऱ्याच्या घरातलं एखादं तरी म्हणतं, मध्ये खोलायची. बत्तिसाव्या जोडाला पाणी आलं तर दोष पुढे, नाही आलं तर मागे. मग उरलेल्याच्या मधोमध. सहा वेळा खोललं की जागा सापडते. हेच मग ‘एक ते हजारांतली संख्या ओळखा’ या खेळात न्या. दर प्रश्नाला निम्मे पर्याय बाद करत गेलं तर दहा प्रश्न पुरतात, कारण दोनचा दहावा घात १०२४. हेच पुढे चुकलेल्या गणितात न्या. सात पायऱ्यांचं उदाहरण चुकलं तर चौथी पायरी आधी तपास, तिथपर्यंत ठीक असेल तर वरचं बघूच नकोस. हा जो हात धरून नेण्याचा भाग मघाशी म्हटला, तो असा.

पुढचं पाऊल मला अपघाताने सापडलं. एका शाळेत हा पाठ चालू असताना गावचे वायरमन मीटरच्या कामाला आले होते. मी त्यांनाच विचारलं, लाइन गेली की फॉल्ट कसा शोधता? त्यांनी खडू घेतला, फळ्यावर खांब काढले आणि म्हणाले, ‘पहिल्या खांबापासून चढत बसलो तर रात्र व्हायची. मधून लाइन तोडून बघायची, कुठली बाजू ठीक आहे ते.’ मुलं अवाक. आदल्या दिवशी त्यांनी जे शोधलं होतं ते हा माणूस पगार घेऊन करत होता. एका मुलाने विचारलं, ‘तुम्ही किती शिकलाय?’ आयटीआय, वीजतंत्री, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवसानंतर त्या वर्गात मला करिअर मार्गदर्शनाचा वेगळा तास घ्यावा लागला नाही.

याच्या उलट माझा सगळ्यात महागडा फजितीचा प्रसंग. चाळीस मुलांना बसने पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत नेलं होतं. काचेची इमारत, ओळखपत्राने उघडणारी दारं, इंग्रजीतून सादरीकरण. मुलांना लिफ्ट फार आवडली. परतताना सातवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, ‘मॅडम, इथं यायला इंग्रजी किती लागतं?’ मी तिला स्वप्न दाखवायला नेलं होतं, आणि हे आपलं ठिकाण नाही एवढंच ती पाहून आली.

इंग्लंडमध्ये १० ते १४ वयाच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा ‘अ‍ॅस्पायर्स’ नावाचा अभ्यास झाला. त्यात बहुतेक मुलांना विज्ञान आवडत होतं, पण शास्त्रज्ञ व्हायचंय म्हणणारी जेमतेम १५ टक्के निघाली. आवड आणि ‘हे माझ्यासारख्यांचं काम आहे’ ही खात्री, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ही खात्री लवकर लागते. अमेरिकेत रॉबर्ट टाय आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की आठवीत असताना ज्यांना पुढे विज्ञानाशी संबंधित काम करू असं वाटत होतं, त्यांनी भौतिक विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी मिळवण्याची शक्यता इतरांच्या सुमारे ३.४ पट होती. आपण दहावीच्या निकालानंतर समुपदेशनाचे फलक लावतो. त्याच्या तीन वर्षं आधी वायरमनला वर्गात बोलवायला हवं होतं.

म्हणून प्रत्येक खेळाला गावातलं एक काम जोडा. सगळ्यात चांगलं चाललेलं सांगते: दूध संकलन केंद्र. गाईच्या दुधाला फॅट ३.५ आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक) ८.५ असेल तर मूळ दर, त्याखाली गेलं की पॉइंटमागे कपात, हे घरोघरी माहीत असतं. सहावी-सातवीला सांगा, फॅट आणि एसएनएफ दिलं तर दर काढायच्या पायऱ्या लिहा. दराचे आकडे तुमच्या केंद्रावरचे घ्या. पहिल्या मसुद्यात हमखास तीन चुका असतात. दोन्ही कमी असतील तर काय, हे सुटतं. फॅट जास्त आणि एसएनएफ कमी असेल तर काय, हेही सुटतं. आणि तिसरी बारीक: ‘३.५ पेक्षा कमी’ आणि ‘३.५ किंवा कमी’ यांतला फरक. बरोब्बर ३.५ च्या दुधाचे पैसे कापणाऱ्या पायऱ्या एका गटाने लिहिल्या होत्या. ज्या मुलीच्या घरी दोन गाई होत्या तिने ते पकडलं आणि भांडण काढलं. सॉफ्टवेअरच्या धंद्यात सीमेवरच्या अशा चुका रोज होतात, अनुभवी लोकांकडूनही. मग केंद्रावर न्या. यंत्रात दूध घातलं की आकडे येतात, वजन येतं, पावती निघते. पावती दाखवून मी विचारते, ‘तुम्ही लिहिलेल्या पायऱ्या आत्ता कोण वाचतंय?’ या यंत्रात कोणीतरी बसून हेच लिहिलंय, त्याला त्याचा पगार मिळतो, आणि फॅट मोजणारा भाग बनवायला भौतिकशास्त्र जाणणारा दुसरा कोणीतरी लागतो, हे तेव्हा डोक्यात उतरतं.

जादूही करा, मुलांना आवडते. जुन्या लग्नपत्रिकांचे ३६ सारखे चौकोन कापा, एक बाजू छापील आणि एक कोरी. कोणालाही २५ चौकोन पाच ओळींत हवे तसे मांडू द्या. ‘फार सोपं झालं’ म्हणत तुम्ही सहावी ओळ आणि सहावा रकाना लावा, पण असा की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात छापील बाजूंची संख्या सम होईल. पाठ फिरवा, एकाला एकच चौकोन उलटा करायला सांगा. वळा, ज्या ओळीत आणि ज्या रकान्यात विषम झालं तिथे बोट ठेवा. युक्ती लगेच सांगू नका, दोन दिवस तडफडू द्या. मग आधार क्रमांकाकडे या. बारापैकी शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून ठरवलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकीचा पडला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले तर ते संगणकाला कळतं. आईचा फॉर्म भरताना ‘क्रमांक अवैध’ असं ज्यांनी पाहिलंय, त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो.

संगणकाचं आता बोलू. तीन-चार महिन्यांनी तो एक चालू संगणक घ्या आणि त्यावर ‘स्क्रॅच’ टाका. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात मिचेल रेझनिक यांच्या गटाने बनवलेलं, २००७ पासून सगळ्यांना खुलं, फुकट, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटविना चालतं. ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचा, त्यामुळे टंकलेखनाच्या चुकांत तास जात नाही. ५२ मुलं आणि एक संगणक, म्हणजे ९० टक्के काम कागदावर. तीन-तीनचे गट करा, कागदावर लिहिलेलं तपासून झालेल्या गटालाच संगणकावर १५ मिनिटं. ही अडचण वाटते, पण कागदावर विचार करून आलेली मुलं जास्त करतात हे मी वारंवार पाहिलंय. ज्यांच्यासमोर प्रत्येकी एक लॅपटॉप असतो ती ठोकळे ओढत बसतात. एक पथ्य मात्र पाळा: माउस कोणाच्या हातात आहे ते पाहा. मिश्र गटांत तो मुलाच्या हातात जातो आणि मुलगी ‘सांगते’. दर पाच मिनिटांनी हात बदलायचा, घड्याळ लावून.

मुलींबद्दल आणखी एक, कारण सातवी-आठवीनंतर गळती इथेच आहे आणि ती डोक्यातल्या कमीपणामुळे नाही. घरच्यांना खर्चाची भीती असते. त्यांना सांगा, २०२४-२५ पासून महाराष्ट्रात केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शिवाय वाट एकच नाही. दहावीनंतर आयटीआयचा संगणकाचा एक वर्षाचा ‘कोपा’ आहे, तंत्रनिकेतनची तीन वर्षांची पदविका आहे, आणि पदविकेनंतर थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. जेईई नाही जमली म्हणजे संपलं, ही समजूत पालकांच्या डोक्यातून काढणं हेसुद्धा तुमच्या विषयातच येतं.

पालकांच्या कोडिंगच्या हट्टाचं काय? करोनाच्या काळात सहा वर्षांच्या मुलाने अ‍ॅप बनवल्याच्या जाहिराती सगळ्यांनी पाहिल्या, त्याचा हा परिणाम. वाद घालू नका. एका शनिवारी पालकांना बोलवा, पत्रिकांची जादू मुलांना करू द्या आणि दुधाच्या दराच्या पायऱ्या मुलांनाच समजावू द्या. हट्ट आपोआप निवतो. ज्यांना प्रमाणपत्र हवंच असतं त्यांच्यासाठी ‘बेब्रास’ आहे. २००४ मध्ये लिथुएनियात सुरू झालेली ही कोड्यांची स्पर्धा भारतात एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘सीएसपाठशाला’ या उपक्रमातर्फे होते आणि मराठीतूनही देता येते. आधी काही शिकलेलं असावं लागत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेतल्या बुद्धिमत्ता चाचणीची तयारी तुम्ही घेतच असाल, त्या सरावाशी तिचं चांगलं जुळतं. फक्त शिष्यवृत्तीच्या पुस्तकातल्यासारखं ‘युक्ती पाठ करा’ इथे करू नका. उत्तर चुकलं तरी चालेल, पण कसं काढलं ते जोडीदाराला सांगता आलं पाहिजे.

हे लागू पडतंय का, हे परीक्षेतून कळणार नाही, कानांनी कळेल. आधी मुलं म्हणतात, ‘सर, येत नाही.’ काही महिन्यांनी त्यातलीच काही म्हणायला लागतात, ‘सर, चौथ्या पायरीपर्यंत बरोबर येतंय, पुढे बिघडतंय.’ हे वाक्य ऐकलंत की वहीत त्या मुलाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. मी ठेवते. वर्षाअखेर कोणाकडे आणखी लक्ष द्यायचं ते त्या यादीत कोणाचं नाव नाही यावरून कळतं.

या सोमवारी एवढंच करा: आठवड्यातल्या दोन तासिका ठरवा, शक्यतो गणित आणि कार्यानुभवाच्या, आणि मुलांना जुन्या लग्नपत्रिका घरून आणायला सांगा. त्या जमेपर्यंत रांगोळी होऊन जाईल. ठिपक्यांचे कागद मात्र भरपूर काढून ठेवा. पहिल्या तासाला प्रत्येक जोडीला चार-पाच तरी लागतात, आणि मी पहिल्यांदा केलं तेव्हा वीस मिनिटांत संपले होते.